एक लांब, दोन आखूड

जिनिंग बंद पडली तेव्हा वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर
वाचनालयाला मिळाला.
पावतीवर मीच सही केली: नग एक, चालू स्थितीत.
त्याआधी नऊ हंगाम मीच त्याच्यासमोर बसायचो.
भरलेली बंडी वजा रिकामी बंडी, एंटर.

चालू स्थितीत म्हणजे
बटण दाबलं की ओरडायचा.
एक लांब, दोन आखूड, मग गप.

"काकाजी, हा बोलून राह्यला," दिव्यानी म्हणाली,
"आपल्यालेच समजून नाही राह्यलं."
मडाव्यांची पोर, वणीच्या आयटीआयला जाते,
संध्याकाळच्या बसने येते आणि घरी जायच्या आधी
फाट्यावर, माझ्याकडे थांबते.

तिने झाकण काढलं.
आत कापूस. पंख्याच्या पात्यांना धरून बसलेला,
करडा, तेलकट,
आणि तळाशी एक सरकी.
तिने ती फेकली नाही, ओढणीच्या गाठीत बांधली.
मीही विचारलं नाही कशाला.

सायकलच्या पंपाने हवा मारली,
ग्राफिक कार्ड उपसून त्याचे पिवळे दात
खोडरबरने घासले, परत बसवलं.
एकच आवाज आला, आखूड.
"आता कसा, माणसासारखा."

पण तारीख: एक जानेवारी, दोन हजार दोन.
दिव्यानी तेव्हा जन्मलीही नव्हती.
आतला नाण्याएवढा सेल मेलेला, लाइट गेली की सगळं विसरतो.
आम्ही शिकवायचो, पहिले पेनड्राइव्ह पाह्य, मग हार्डडिस्क,
लाइट जायची, यायची,
आणि तो पुन्हा फ्लॉपीची वाट पाहत बसायचा,
बस बंद झालेल्या थांब्यावर बसतात तसा.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह सापडला
तर म्हणे, हा कर्नल माझ्यासाठी नाही.
आम्ही चौसष्ट बिटचं आणलेलं, हा बत्तीसचा.
"थोराचं जू गोऱ्ह्याच्या मानेवर दिलं आपण," मी म्हणालो.
ती हसली. मग पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून,
तिथेच फोनला दोन काड्या येतात,
अर्ध्या रात्रीपर्यंत बत्तीसचं उतरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी मेनू आला, पुढे काळोख.
नुसती एक रेघ लुकलुकत होती.
तिने बंद केलं, चालू केलं, मेनूवर ई दाबलं,
लांबलचक ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला.
"पडद्याशी खेळू नको, असं सांगतलं त्याले."
आणि अक्षरं धावली, खाली खाली,
निळा पडदा आला, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली,
आम्ही दोघंही काही वेळ माऊस हलवत बसलो, उगाच.

मग त्याने विचारलं: पूर्ण डिस्क पुसायची?

"थांबा, आधी पाहू काय हाय यात."
मी म्हणालो असतो, पुस.
म्हणालो नाही.
हंगामाहंगामाची फोल्डरं, मीच नावं दिलेली.
तिने एक उघडलं, बोट पडद्यावरून सरकत गेलं,
थांबलं.
मडावी सोनेराव. भरलेली. रिकामी. निव्वळ.

"काकाजी, बाबाची बंडी एवढी जड नोहती."

पंख्याचा आवाज येत होता, आता स्वच्छ.
बावीस किलो. प्रत्येक रिकाम्या बंडीवर.
शेटजी म्हणायचा आणि मी दाबायचो.
हे मी तिला सांगितलं की नाही, मला खरंच आठवत नाही.
एक लांब श्वास घेतला, एवढं आठवतं.

तिने ती फोल्डरं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतली.
मोजली, नऊ.
मग पुस वर टिचकी मारली,
आणि पट्टी हळूहळू भरत गेली, तेवढा वेळ
कोणी उठलं नाही.

आता तो सुरू होतो. मुलं टायपिंग शिकतात.
काल लाइट गेली, परत दोन हजार दोन.
मी बसलो, आजची तारीख घातली.
दिव्यानी सोमवारपासून आली नाही.
परीक्षा आहे तिची, असं ऐकलं.